दर्जाचा रकाना

जवाहिराची किंमत ठरवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला सर्व रत्नांत सर्वाधिक छळ कोणी केला असे विचारले, तर तो हिऱ्याचे नाव घेईल अशी लोकांची समजूत असते, कारण हिऱ्याची किंमत मोठी आणि त्यातली फसवणूकही मोठी. परंतु माझ्यापुरते बोलायचे तर हिऱ्याने मला फारसे छळले नाही. हिऱ्याचा रंग, त्याची निर्मळता, त्याचे पैलू आणि त्याचे वजन ही चारही अंगे ठरीव मापांनी मोजता येतात, आणि दोन जाणत्या माणसांनी ती स्वतंत्रपणे मोजली तरी त्यांच्यात फार अंतर पडत नाही. मोत्यांना तर मुंबईच्या बाजारात वजनाच्या वर्गावर बसवलेला चवीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून, चवीची कोष्टके तोंडपाठ असलेले मुनीम मी उमेदवारीच्या काळात पाहिले आहेत. पाचूला मात्र कोष्टक नाही. एकाच खाणीतून निघालेले, एकाच वजनाचे आणि एकाच घाटाचे दोन पाचू शेजारी ठेवले, तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकते. आणि ती तशी का, हे सरकारी नमुन्यातल्या एका रकान्यात लिहून देणे हे माझ्या वाट्याला आलेले काम होते.

हे काम माझ्याकडे कायद्याच्या वाटेने आले. मृताच्या मालमत्तेवर कर बसवणारा इस्टेट ड्यूटीचा कायदा १९५३ साली झाला, पाठोपाठ १९५७ साली संपत्तिकर आला, आणि ज्या घरांतले जडजवाहीर तोपर्यंत लग्नकार्याखेरीज तिजोरीबाहेर निघत नसे, त्या घरांना त्याच्या तपशीलवार फर्दा करून किंमतींसह सरकारात दाखल करणे भाग पडले. मी झवेरी बाजारातल्या एका पेढीवर कारकून होतो. अक्षर बरे म्हणून मला फर्दा लिहायला बसवले. मोल सांगणारे होते पेढीचे मुकीम, जयपूरहून आलेले एक वृद्ध पारखी, ज्यांच्या घराण्यात पाचूखेरीज दुसऱ्या रत्नाला फारसा मान नव्हता. ते खडा पाहून सांगत, मी लिहून घेत असे. आणि लिहिता लिहिता, त्यांची दृष्टी जाऊ लागल्यावर, सांगण्याचे कामही हळूहळू माझ्याकडे आले. नमुन्यात अनुक्रम, जिन्नस, वजन, दर्जा, दर आणि किंमत असे रकाने असत, आणि त्यांत दर्जाचा रकाना सर्वांत अरुंद छापलेला असे. छापखान्यातल्या ज्या गृहस्थाने तो आखला, त्याने पाचू हाताळलेला नसावा.

मुकिमांची बैठक उत्तरेच्या खिडकीशी होती. थेट ऊन खड्यावर पडले की वाईट पाचूही चमकतो आणि विजेच्या पिवळ्या दिव्याखाली हिरव्यातला पिवळेपणा फुगतो, म्हणून सकाळी दहापासून तिसऱ्या प्रहराच्या सुरुवातीपर्यंत, उत्तरेच्या शांत उजेडात, पांढऱ्या कागदावर खडा ठेवून पाहायचा, असा त्यांचा नेम. आषाढात आभाळ काळवंडून आले की ते पाचूच्या पुड्या बांधून ठेवत आणि दलालांना खुशाल परत पाठवत. तळहातावर खडा घेणे त्यांना खपत नसे, कारण कातडीचा रंग खड्यात उतरतो. पुडीच्या आतला कागद कोणत्या रंगाचा आहे हेही ते आधी पाहत, कारण फिक्या मालाला हिरवट कागदाचा आधार देणारे महाभाग बाजारात कमी नव्हते. आणि भिंगाला हात लावण्याची त्यांना मुळीच घाई नसे. ‘बाबू, आधी लांब ठेव, मग जवळ घे,’ असे ते मला म्हणत. हातभर अंतरावरून जो पाचू डोळ्यांत भरत नाही, त्याच्या पोटात भिंगाने काय सापडते याला महत्त्व नाही. आणि जो भरतो, त्याच्या पोटातले पुष्कळसे क्षम्य आहे. नवा माणूस खडा हाती येताच भिंग उचलू लागला, की याची तालीम हिऱ्यावर झाली आहे हे ते ओळखत.

रंग हे पाचूचे सर्वस्व, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी होईल. वराहमिहिराने बृहत्संहितेत मरकताला पोपट, वेळूचे पान, केळ आणि शिरीषाचे फूल यांच्या कांतीचा म्हटले आहे; या चारांत पिवळट हिरव्यापासून गर्द हिरव्यापर्यंतचा बराच पल्ला येतो, आणि मोल त्या पल्ल्यात नेमके कोठे चढते हेच पारख्याने जाणायचे असते. फार फिका असेल तर तो पाचू या नावालाही पात्र ठरत नाही, नुसता हिरवट बेरिल होतो. फार गडद असेल तर त्यात उजेड मरतो. कोलंबियातल्या मुझोच्या खाणीचा उत्तम खडा गर्द असूनही आतून उजळलेला दिसतो आणि त्याच्या हिरव्यात किंचित ऊब असते. त्याच देशातल्या चिवोरचा थोडा निळसर. तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या सांदावानाचा, जो १९५६ साली सापडला, तो आकाराने बारीक, पण मोहरीएवढ्या खड्यातही रंग भरपूर राखणारा, आणि म्हणून भिकबाळीसारख्या नाजूक दागिन्यांत शोभणारा. रंगाचे कारण रसायनशास्त्राने सांगितले आहे. बेरिल हे मुळात वर्णहीन खनिज. त्यात क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा अत्यल्प अंश शिरला की ते पाचू होते, आणि लोहाचे प्रमाण वाढले की हिरव्यावर निळसर छटा चढते. माणकाला लाल करणारे आणि पाचूला हिरवे करणारे क्रोमियम एकच, हे मी मुकिमांना सांगितले तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून, ‘घर बदलले की माणूसही बदलतो,’ एवढेच म्हटले आणि पुढची पुडी सोडली.

याच रसायनशास्त्रात पाचूच्या सदोषपणाचेही कारण आहे, आणि ते समजल्यावर माझी त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बेरिलियम बहुधा ग्रॅनाइटाच्या कुळातल्या खडकांबरोबर येते, आणि क्रोमियमचे घर अगदी वेगळ्या, काळ्याभोर लोहमय खडकांत. निसर्गात या दोघांची गाठ सहसा पडत नाही. जेथे ती पडते तेथे भूगर्भात उलथापालथ झालेली असते, तप्त द्रव भेगांतून शिरलेले असतात, आणि अशा धामधुमीत वाढणारा स्फटिक निर्मळ राहावा अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे. कोलंबियात ग्रॅनाइटाशिवायच, काळ्या मातीच्या शेलमधून फिरलेल्या उष्ण खाऱ्या पाण्यातून पाचू बनले, आणि त्या पाण्याचे थेंब आजही त्यांच्या पोटात आहेत. पेढीने पुढे सूक्ष्मदर्शक घेतला तेव्हा मुझोच्या एका खड्यात मी ते प्रथम नीट पाहिले. दोन्ही टोकांना दातेरी झालेली एक चिंचोळी पोकळी, तिच्यात स्वच्छ द्रव, त्या द्रवात एक वाटोळा बुडबुडा, आणि बुडबुड्याशेजारी, कडा काटकोनात कातरल्यासारखा, मिठाचा एक इवलासा चौकोनी खडा. घन, द्रव आणि वायू अशी तिन्ही रूपे केसाएवढ्या जागेत कोंडलेली ही खूण कोलंबियाच्या पाचूंची ओळख मानली जाते. ज्या पाण्यातून तो पाचू जन्मला, त्यातलेच ते मीठ. राजस्थानच्या पाचूंत, जे १९४३ पासून कालीगुमान आणि अजमेरच्या बाजूच्या पट्ट्यात निघू लागले, अभ्रकाच्या तपकिरी पापुद्र्यांसह लहान आयताकृती पोकळ्या आढळतात, ज्यांना पारखी लोक स्वल्पविरामाची उपमा देतात; सांदावानाच्या खड्यांत ट्रेमोलाइटाच्या केसासारख्या सुया दिसतात. म्हणून पाचूच्या पोटातल्या जाळ्याला मी दोष म्हणायला लवकरच कचरू लागलो. तो त्याचा जन्मदाखला असतो. दोष तेव्हा होतो, जेव्हा ती चीर पृष्ठभागापर्यंत येते, कोपऱ्याकडे धावते, किंवा इतकी दाट होते की उजेडाची वाट अडते.

मुझोच्या खाणी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांच्या हाती लागल्या, आणि तिथला माल सेव्हिल, लिस्बन आणि तेथून पोर्तुगीज जहाजांनी गोव्याला येऊ लागला. गोव्याच्या बाजारातून तो मोगल आणि दक्षिणी दरबारांत पसरला. आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत जे थोर पाचू आढळतात, त्यांतले पुष्कळसे या वाटेने आलेले आहेत, हे मला सूक्ष्मदर्शकाने वारंवार पटवले. मोगल पाचू या नावाने प्रसिद्ध असलेला २१७.८० कॅरटांचा कोरीव खडा याच मालातला; त्याच्या एका अंगावर फुले आणि दुसऱ्यावर प्रार्थनेचा मजकूर असून, त्यावर हिजरी ११०७, म्हणजे इसवी १६९५-९६ हे साल आहे. त्या सुमारास औरंगजेब भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत मराठ्यांशी झुंजत बसला होता, आणि खड्यावरचा मजकूर शिया पंथाचा आहे, तेव्हा तो कट्टर सुन्नी बादशहासाठी कोरला असेल हे संभवत नाही. कोणा शिया सरदाराची ती हौस असावी. २००१ साली लंडनच्या लिलावात त्याला पंधरा लाख पौंडांच्या वर किंमत आली. मोगलांनी पाचू कोरले, त्यांचे मणी केले, शिरपेचांत लटकवले, ते केवळ हौसेने नव्हे, असे माझे मत आहे. मोठा खडा पैलू पाडायला घेतला तर चिरांच्या भीतीने निम्मा वाया जातो. मणी करताना किंवा कोरीव काम करताना कारागीर दोषाला वळसा घालतो आणि वजन राखतो.

दागिन्यात पाचूचा उपयोग हा खरोखर त्याच्या ठिसूळपणाशी केलेला करार आहे. त्याचे काठिण्य साडेसात ते आठ, म्हणजे धुळीतल्या गारेने तो सहसा ओरखडत नाही. परंतु टणक असणे आणि चिवट असणे यांत फरक आहे, आणि चिरांनी पोखरलेला खडा एका धक्क्याने कपचा टाकतो. पाचूचा म्हणून जो पायऱ्यापायऱ्यांचा, कोपरे छाटलेला आयताकृती घाट जगभर रूढ झाला, त्यात षट्‌कोनी स्फटिकाचे वजन राखण्याची सोय आहे, रंगाला खोली देण्याची सोय आहे, आणि मुख्य म्हणजे तुटायला सर्वांत आतुर असे कोपरे आधीच काढून टाकण्याचे शहाणपण आहे. आपले कुंदणकाम तर पाचूसाठीच निर्माण झाले असावे असे मला वाटते, कारण त्यात शुद्ध सोन्याचे मऊ पापुद्रे खड्याभोवती अलगद दाबून बसवले जातात. नख्यांच्या कोंदणात कारागिराचा हात किंचित जड झाला की खडा गेला. तन्मणीच्या खोडात, कुडीत, नथीच्या मोत्यांच्या मधोमध बसवलेला पाचू असा चहूबाजूंनी सोन्यात निर्धास्त असतो. मात्र बंद कोंदणाची ही निर्धास्तता मूल्यमापन करणाऱ्याला भोवते. खड्यामागे हिरवा किंवा चंदेरी डांक ठेवून फिक्या पाचूला रंग चढवण्याची चाल जुनी आहे, आणि डांकाची किंमत खड्याच्या नावावर लिहिली जाऊ नये म्हणून कडेने, तिरप्या उजेडात, अर्धा अर्धा तास डोकावावे लागे. खंडेराव गायकवाडांनी मदिनेला अर्पण करण्यासाठी करवलेल्या बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्यातही हिऱ्यामाणकांबरोबर पाचू जडवले आहेत. एरवी पाचूला रुबाबात बसवायची सवय असलेल्या डोळ्यांना, तो तेथे मोत्यांच्या विस्तारात केवळ रंगापुरता वापरलेला पाहून जरा चुकल्यासारखे होते.

आता तेलाविषयी. पाचूच्या पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरांत तेल भरले की त्या जवळजवळ दिसेनाशा होतात, कारण तेल आणि पाचू यांत प्रकाश वाकण्याचे प्रमाण बरेच जवळचे असते. ही युक्ती फार प्राचीन असून, देवदाराचे वर्णहीन तेल वापरले तर बाजार ती मान्य करतो. परंतु जयपुरात ज्याला जोबन म्हणतात ते हिरवे तेल वापरले, तर ते चीर लपवण्यावर न थांबता रंगही उसना देते, आणि तेथे व्यवहार संपून लबाडी सुरू होते. एका वारसाच्या घरी मी फर्द करायला गेलो, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी, सरकारी कामाला दागिना स्वच्छ दिसावा या सद्‌भावनेने, पाचूची कंठी रिठ्याच्या कढत पाण्यात घालून ब्रशाने घासली होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली, आणि त्यांचा चेहरा पाहताच काय झाले ते मला कळले. मण्यांच्या अंगावर पांढऱ्या रेघांचे जाळे उमटले होते आणि हिरव्यात धुरकट फिकेपणा आला होता. ‘अहो, धुतल्याने दगड का मरतो?’ त्या मला विचारत होत्या. दगड मेला नव्हता. तेल गेले होते, आणि जाणत्या कारागिराकडून ते पुन्हा भरता आले असते. पण जे दिसत होते ते कंठीचे खरे रूप होते, आणि मला त्याचीच किंमत लिहायची होती. पाचू कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसावा, वाफ, सोडा आणि हल्लीची ती ध्वनिलहरींनी धुणारी यंत्रे यांपासून त्याला दूर ठेवावे, आणि सोनाराने डागकामाची ज्योत त्याच्याजवळ नेण्यापूर्वी खडा उतरवून घ्यावा, एवढे मी तेव्हापासून प्रत्येक घरी सांगत आलो. ऐकले किती जणांनी, हे सांगणे कठीण.

खोट्यांचा प्रश्न माझ्या काळात बदलत गेला. पूर्वी काच, किंवा दोन रंगहीन तुकड्यांमध्ये हिरवा थर चिकटवलेला जोडखडा, एवढीच धास्ती असे, आणि कडेने पाहिले की जोड दिसे. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या चॅटहॅमचे आणि नंतर फ्रान्समधल्या जिल्सनचे, प्रयोगशाळेत वाढवलेले पाचू बाजारात उतरले, आणि ते रसायनदृष्ट्या पाचूच असल्यामुळे जुन्या कसोट्या निरुपयोगी झाल्या. १९३४ साली लंडनच्या चेल्सी पॉलिटेक्निकात निघालेली रंगीत काच झवेरी बाजारात घरोघर होती. तिच्यातून पाहिल्यावर पाचू लाल दिसला की खरा, असे लोक डोळे झाकून मानत. कोलंबियाचा पाचू त्या काचेतून लाल दिसतो हे खरे. पण लोहयुक्त भारतीय आणि झांबियाचा खडा पुष्कळदा हिरवाच राहतो, आणि प्रयोगशाळेतला तर सर्वांत झगझगीत लाल दिसतो, म्हणजे काचेवर विसंबणारा माणूस अस्सलाला फेकून नकलीला तिजोरीत ठेवणार. मी सुट्या खड्यांना ब्रोमोफॉर्मच्या मोजून पातळ केलेल्या द्रवात टाकून पाहत असे. भट्टीत वाढवलेला खडा स्फटिक-गारेबरोबर तरंगे, खाणीतला तळाशी जाई. आणि सर्वांत आधी मला संशय येई तो निष्कलंकाचा. मोठा, गर्द, आणि पोटात काहीही नसलेला पाचू कोणी स्वस्तात दाखवला, तर मुकीम तो न उचलताच पुडी बंद करत.

सत्तरच्या दशकात झांबियाचा माल जयपुरात येऊ लागला, निळसर, पुष्कळ स्वच्छ, आणि कोलंबियापेक्षा कमी दराचा. १९७२ साली जयपुरात रत्नपरीक्षेची प्रयोगशाळाही निघाली. हल्ली परीक्षेच्या दाखल्यावर तेलाचे प्रमाण किंचित, मध्यम, अधिक असे लिहून येते, आणि ती मोठीच सोय झाली आहे. पण दाखला पाचूला एकच श्रेणी देत नाही, हे माझ्या अरुंद रकान्याला मिळालेले समर्थन समजून मी खासगीत सुखावतो.

त्या रकान्यावरून माझा अधिकाऱ्यांशी जो एकमेव लांबलेला वाद झाला, तो दोन भावांच्या एका कंठीवरून. वडिलांच्या मागे दोघांत वाटणी व्हायची होती, आणि कंठीत पाचूचे अकरा जुने, ओबडधोबड मणी होते. थोरल्याचे म्हणणे, वजन करून निम्मे निम्मे करावे. ‘सगळे हिरवेच तर आहेत!’ मी दोरा कापून मणी मोकळे केले तेव्हा प्रथम दोराच पाहिला: रेशीम सात ठिकाणी हिरवे डागळलेले, चार ठिकाणी जुनाट पिवळे. ज्या मण्यांच्या छिद्रांशी दोरा हिरवा होता, त्यांच्यात रंगीत तेल होते. उरलेले चार खिडकीशी पांढऱ्या कागदावर ठेवले, शेजारी ते सात, आणि काही न बोलता थोरल्याला खुर्ची दिली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने धाकट्याला हाक मारली. वाटणी अखेर किंमतीवर झाली: दोन चांगले मणी प्रत्येकाकडे, आणि बाकीचे सात दोघांत सारखे वाटता येत नसल्यामुळे विकून पैसे वाटून घेण्याचे ठरले.

फर्दीत मी कंठी असा एक जिन्नस न लिहिता अकरा मणी अकरा ओळींत लिहिले, आणि दर्जाच्या रकान्यात एका अक्षराऐवजी रंग, उजेड, चिरा आणि तेल यांविषयी चार शब्द बारीक अक्षरांत कोंबले. अधिकारी भले गृहस्थ होते, पण नियमाने बांधलेले. ‘दर्जा विचारला आहे, वर्णन नव्हे,’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘साहेब, एका अक्षरात लिहिले तर तुम्ही मला खोटे ठरवू शकणार नाही, आणि खरेही.’ त्यांनी फर्द ठेवून घेतली आणि खातरजमेसाठी मणी दुसऱ्या मूल्यमापकाकडे पाठवले. चार चांगल्या मण्यांची त्याने लावलेली किंमत माझ्यापेक्षा थोडी चढ निघाली, सातांची थोडी उतरती. बेरीज जवळपास सारखीच आली, आणि कर त्याच्या बेरजेवर आकारला गेला. माझी फर्द मात्र वर्णनासकट मिसलीला लागली, आणि पुढच्या वर्षी त्याच कचेरीतून आलेल्या कोऱ्या नमुन्यात दर्जाचा रकाना बोटभर रुंद छापलेला होता.